हाव जी, पन…

माणूस मोठ्या गुन्ह्यात सापडला की मान खाली घालून उभा राहतो. त्याच माणसाला दुकानासमोर खरकटं पाणी फेकल्याबद्दल नगरपरिषदेनं दंड करून पाहा, तो थेट दिल्लीपर्यंत जायची भाषा करतो. मी कोर्टात एकतीस वर्षं कारकुनी केली. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाल्यानंतरची त्यातली बरीच वर्षं सत्र न्यायालयात अपील दाखल करून घ्यायच्या खिडकीमागे गेली. त्या खिडकीतून मी खुनाच्या खटल्यातले नातेवाईक शांतपणे जामिनाचे कागद देऊन जाताना पाहिले आहेत. आरडाओरडा ऐकला तो मोकाट म्हशी, वाढीव पाट्या आणि नालीवर टाकलेल्या फरशा यांच्या मालकांचा.

अशा लोकांच्या गमती सांगायला बसलो तर अंक पुरणार नाही. मला मुख्यतः सांगायची आहे ती एका मासळीवालीच्या ओट्याची गोष्ट. बाजारातला तिचा तो बसायचा ओटा कायमचा जायची वेळ आली होती आणि त्याला कारण मी होतो. पण ती समजायची तर आधी आमच्या खिडकीचे रिवाज थोडे समजून घ्यावे लागतील. कंटाळा येणार नाही अशा बेतानं सांगतो.

नगरपरिषदेचे उपविधी मोडले की खटला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. तिथं दंड झाला आणि तो मान्य नसला की वर सत्र न्यायालयात अपील करता येतं. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की झटपट चालवलेल्या खटल्यात दंड दोनशे रुपयांपर्यंतच असेल तर त्यावर अपीलच होत नाही. एवढ्याशा दंडासाठी वरच्या कोर्टाचा वेळ कशाला, असा कायद्याचा हिशेब. हा हिशेब मी एका शेठना समजावून सांगितला तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. शेठची मिठाईची दुकानदारी, दुकानाची पाटी परवान्यापेक्षा हातभर लांब, आणि दंड बरोबर दोनशे.

"बाबूजी, दो सौ एक होता तो?"

"तो अपील होता, शेठजी."

शेठ दुकानावर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खालच्या कोर्टात रीतसर अर्ज दिला. विषय होता, 'दंडात एक रुपया वाढ करून मिळणेबाबत'. दंडाधिकारी साहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढून पुसला. माफीचे अर्ज रोज येत, वाढीचा हा पहिलाच होता. शेवटी त्यांनी शेठना समजावलं की एकदा निकालावर सही झाली की आपल्याला स्वतःलाही त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. मग शेठ परत माझ्या खिडकीवर. अपील नसलं तरी रिव्हिजन करता येतं, त्यात कायदा पाळला गेला की नाही एवढंच पाहतात, असं मी सांगितलं.

"रिव्हिजन में इज्जत वापस मिलती है क्या?" त्यांनी विचारलं.

असा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नव्हता. शेठनी रिव्हिजन केलं नाही. पाटी मात्र हातभर कापली, आणि कापलेला तुकडा कितीतरी वर्षं दुकानात गल्ल्याच्या मागे टांगून ठेवला होता.

दुसरा रिवाज तीस दिवसांचा. निकालापासून तीस दिवसांत अपील यायला हवं आणि सोबत निकालाची कोर्टाच्या शिक्क्याची नक्कल हवी. ती नक्कल मिळायला जे दिवस लागतात ते तीसमधून वजा होतात. म्हणून मी दिसेल त्याला सांगत असे, निकाल लागला की आधी नकलेचा अर्ज करा, रडायचं ते नंतर रडा. लोक आधी रडत. काही जण नक्कल घेत आणि देवाजवळ ठेवून देत, दोन महिन्यांनी हळदीकुंकवाचे डाग पडलेली प्रत घेऊन येत. देवाकडे मुदतवाढीचा अधिकार नाही, हे त्यांना मलाच सांगावं लागे.

आमगावकडचे एक निवृत्त गुरुजी होते, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांची म्हैस भररस्त्यात सापडली म्हणून त्यांना दंड झाला होता, तोही चांगला अपील करण्याजोगा. म्हैस मोकाट नव्हती, ती नेहमीच्या वेळेला नेहमीच्या रस्त्यानं फिरायला निघाली होती, असं गुरुजींचं म्हणणं. त्यांनी वकील केला नाही. बेचाळीस पानांचं अपील स्वतः वळणदार अक्षरात लिहून आणलं. त्यातली नऊ पानं म्हशीच्या स्वभावावर होती. नक्कल मात्र जोडलेली नव्हती.

"मी निकाल शब्दशः उतरवून आणला आहे," गुरुजी म्हणाले. "माझ्या अक्षरावर आपला भरवसा नाही?"

अक्षरावर होता, पण शिक्का नव्हता. गुरुजी रागावून गेले आणि चार दिवसांनी शिक्क्याची नक्कल घेऊन आले. मी ती उघडली. गुरुजींनी साऱ्या निकालपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या होत्या. शेवटी दहापैकी साडेचार गुणही दिले होते. आता ही नक्कल खाडाखोड केलेली ठरली, म्हणून पुन्हा नवी काढा. तोवर मुदत टळली. मग उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज आला. त्यात उशिराचं कारण म्हणून गुरुजींनी लिहिलं होतं, 'न्यायालयाचे शुद्धलेखन'. सत्र न्यायाधीश साहेब हसले आणि उशीर माफ केला. पुढं अपिलात गुरुजी हरले. म्हैस मात्र शेवटपर्यंत त्याच वेळेला फिरायला जात होती, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मी लोकांना असा हसत असे. माझ्यावर हसायची पाळी यायची होती.

सत्र न्यायालयात येण्याआधी मी एका दंडाधिकारी साहेबांकडे बेंच क्लार्क होतो. म्हणजे साहेबांच्या व्यासपीठाच्या खाली टेबल लावून बसायचं, पुढची फाइल द्यायची आणि जे घडेल ते लिहायचं. साहेब नवे होते, पुण्याकडचे, माणूस भला. आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला चेंबरमध्ये बोलावलं.

"अहो, इकडचे लोक मला सारखी कसली हाव सांगतात? मी काही विचारलं की हाव!"

मला हसू आवरेना. देशावर हाव म्हणजे लोभ. आमच्या झाडीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, हाव म्हणजे हो. मी मोठा पंडित असल्यासारखं सांगितलं, "साहेब, हाव म्हणजे होय. आणि पुढचा जी हा नुसता अदबीचा." साहेबांनी ते डायरीत टिपून घेतलं. मला फार बरं वाटलं.

मी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मला लहानपणापासून माहीत होतं. वडील आईला म्हणायचे, "यंदा बैल विकून टाकू." आई म्हणायची, "हाव जी." तो बैल आमच्याच गोठ्यात म्हातारा होऊन मेला. आमच्याकडे थोरामोठ्यानं काही विचारलं की आधी हाव जी म्हणायचं, जरा थांबायचं आणि मग आपलं म्हणणं सांगायचं. ते म्हणणं बहुतेक वेळा 'पन'पासून सुरू होतं. हाव जीचा अर्थ एवढाच, की तुमचं बोलणं माझ्या कानावर आलं, आता माझं ऐका. हे मी साहेबांना सांगितलं नाही. खरं तर मला ते सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

उन्हाळ्याच्या अखेरीला एक दिवस नगरपरिषदेचे खटले गठ्ठ्यानं बोर्डावर होते. साठच्या वर. गावाचं नाव लिहीत नाही, ज्यांना ओळखायचं ते ओळखोत किंवा न ओळखोत. अशा खटल्यांत एक छापील कागद असतो. त्यावर तीन प्रश्न छापलेले. आरोप समजला का? गुन्हा कबूल आहे का? आणखी काही सांगायचे आहे का? प्रत्येकापुढे बोटभर जागा. साहेब विचारणार, आरोपी सांगणार, मी लिहिणार. बहुतेक जण कबूल म्हणून दंड भरून मोकळे होत, कारण दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा येण्यापेक्षा ते परवडायचं.

दुपारच्या सुट्टीला पाच मिनिटं होती. पट्टेवाल्यानं पुकारा केला आणि सुगंधाबाई आत आली. पन्नाशीची, काटक, बाजारात मासे विकणारी. नाव सुगंधा कोणी ठेवलं असेल ते असो, ती दारात आली की आमच्या सगळ्या फायलींना तिच्या धंद्याचा पत्ता लागला. आरोप असा, की ठरलेला ओटा सोडून रस्त्यावर बसून मासे विकले.

"आरोप समजला का?"

"हाव जी."

"गुन्हा कबूल आहे का?"

"हाव जी," ती म्हणाली आणि थांबली.

"तीनशे रुपये दंड," साहेब म्हणाले.

"पन जी, थ्या ओट्यावर…" तिनं सुरुवात केली. तोवर साहेब उठले होते, पट्टेवाला म्हणत होता, "चला बाई, दंड भरा," आणि सगळं कोर्ट उभं राहिलं होतं.

तो पन मी ऐकला. स्पष्ट ऐकला. कोर्टात तो समजणारा मी एकटाच नसेन, पण लिहिणारा एकटाच होतो. मी दुसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं, 'होय, कबूल आहे.' तिसऱ्यापुढे लिहिलं, 'नाही.' आणि डबा खायला गेलो. त्या दिवशी वांग्याची भाजी होती, हे मला आजही आठवतं.

दहा दिवसांनी माझी बदली झाली. त्याच आवारात, सत्र न्यायालयात, अपिलांच्या खिडकीवर.

पावसाळा लागून रोवणी, म्हणजे धानाची लावणी, जोरात सुरू झाली होती. रोवणीच्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात कोर्ट ओस पडतं. पक्षकार चिखलात, साक्षीदार चिखलात, आणि निम्मे वकीलही चिखलात. अशा एका सामसूम दुपारी खिडकीत वास आला, त्यामागून प्लास्टिकची पिशवी आली आणि मग सुगंधाबाईचा चेहरा आला. तिनं मला ओळखलं नाही. टेबलामागचे लोक सगळे सारखेच दिसतात.

"बाबू, तीस दिवस होऊन गेले म्हणते. आता तुमी लोकं घेत नाई म्हणते."

"कोण म्हणते?"

"सारा बजार म्हणते."

"वकील कुठं आहेत तुमचे?"

"रोवणीवर गेले जी. सई करून देल्ली थ्यायनं."

तिचे वकील म्हणजे बिसेन वकील, सडक अर्जुनीकडचे, घरची भरपूर धानाची शेती. वकालतनाम्यावर त्यांच्या सहीशेजारी वाळलेल्या चिखलाचा अंगठा उठला होता. तो अंगठा पाहून मला नेहमीप्रमाणे हसू आलं. मग मी पिशवीतले कागद चाळले आणि नगरपरिषदेची नोटीस वाचली. दोषी ठरल्यामुळे बाईंचा ओट्याचा परवाना रद्द होत आहे, सबब ओट्याचा लिलाव करण्यात येईल.

"ओटा किती वर्षांचा?" मी विचारलं.

"माह्या सासूचा होय. थ्याच्यावर थे बसे, मंग मी बसली. चोरखमाऱ्याच्या तरावातली मासोरी आमच्या ओट्यावर आल्याबिगर बजार सुरू नोयता होत. ओटा गेला तं मी रस्त्यावरच बसन न जी? मंग रोज धरतीन मले."

यात खोटं काही नव्हतं. रस्त्यावर बसल्याबद्दल शिक्षा म्हणून तिला कायमचं रस्त्यावर बसवायचं चाललं होतं.

मी नक्कल उलटी केली. शिक्क्याच्या नकलेच्या पाठीमागे तीन तारखा असतात. अर्ज कधी आला, नक्कल तयार कधी झाली, हाती कधी दिली. बाईनं कुणाच्या सांगण्यावरून कोण जाणे, निकालाच्या तिसऱ्या दिवशीच अर्ज केला होता. नक्कल बाराव्या दिवशी तयार झाली होती. मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. दहा दिवस वजा. तिसाचे चाळीस झाले. आणि आज अडतिसावा दिवस होता.

"बाई, तुमचे अजून दोन दिवस शिल्लक आहेत," मी म्हणालो.

तिनं खिडकीच्या कडप्प्यावर डोकं टेकवलं. मलाही आनंद झाला, तिच्यापेक्षा थोडा जास्तच, कारण असा आनंद खिडकीमागच्या माणसाला वर्षातून एखाद्या वेळी मिळतो. त्या आनंदातच मी पुढचं पान उलटलं. तो तीन प्रश्नांचा कागद होता आणि त्यावरचं अक्षर माझं होतं.

मी छाननीचा फॉर्म पुढे ओढला. त्यावर एक प्रश्न असतो, आरोपीने गुन्हा कबूल केला होता काय? ज्यानं स्वतःच गुन्हा कबूल केला त्याला दोषी धरल्याबद्दल अपील करता येत नाही. फार तर शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली, एवढंच म्हणता येतं. त्या दिवशीच्या तारखेचा शिक्का मारून मी अपील आत घेतलं, पण त्या रकान्यात मला 'होय' लिहावं लागलं. एका हातानं मी तिला दोन दिवस दिले होते आणि दुसऱ्या हातानं महिनाभर आधीच सगळं काढून घेतलं होतं.

बिसेन वकील आठवड्यानं उगवले, नखांत चिखल घेऊन. मी काढलेली त्रुटी त्यांनी वाचली. कोर्टाच्या कारकुनानं पक्षकाराला सल्ला द्यायचा नसतो. म्हणून मी त्यांना चहाला नेलं आणि टपरीवरच्या पंख्याकडे पाहत म्हणालो, "वकीलसाहेब, कबुली घेताना आरोपीचे शब्द होता होईल तो जसेच्या तसे लिहावेत, असं कायद्यात आहे म्हणे."

"म्हणे?" बिसेन वकिलांनी बशी खाली ठेवली. "मंग लिवले काऊन नाई?"

"कारकुनाकडून राहिलं असेल."

"कोन्त्या कारकुनाकडून?"

मी घड्याळ पाहिलं. बिसेन वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी चहा संपवला. "तुमाले साक्षीले नाई बोलवत," ते म्हणाले. "भिऊ नका." त्यांनी मला भित्रा म्हटलं ते बरोबरच होतं. मी त्याच वेळी साहेबांपुढे उभं राहून सांगायला हवं होतं की चूक माझी आहे. नोकरीला सोळा वर्षं झाली होती, बढतीची यादी तयार होत होती, आणि मी घड्याळ पाहत होतो.

बिसेन वकिलांनी कबुलीच्या नोंदीलाच हरकत घेतली आणि अपील दाखल झालं. निकाल लागेपर्यंत लिलाव थांबवण्याचा हुकूमही मिळाला. सुनावणी दिवाळीनंतर निघाली. नेमका त्या दिवशी बेंच क्लार्क रजेवर, म्हणून मला खिडकी सोडून न्यायाधीश साहेबांच्या खाली टेबलावर बसवलं. हे साहेब साताऱ्याकडचे. कोपऱ्यात नगरपरिषदेचा माणूस लिलावाची फाइल मांडीवर घेऊन बसला होता. अपील निकाली निघालं की दुसऱ्याच दिवशी लिलाव लावायचा, अशी त्याची तयारी.

बिसेन वकील म्हणाले, की बाई कबूल म्हणालीच नाही, ती हाव जी म्हणाली. समोरचे वकील उठले. "साहेब, हाव म्हणजे होय. माझ्या मित्राला झाडीबोली येत नसेल तर मी शिकवीन." कोर्टात हशा पिकला. साहेबांनाही त्यांचं म्हणणं पटलेलं दिसलं. ते सुगंधाबाईकडे वळले आणि अगदी मायेनं म्हणाले, "बाई, ऐकलंत ना? कबुली दिल्यावर अपील चालत नाही. मग कशाला हेलपाटे घालता? अपील मागे घेता का?"

"हाव जी," सुगंधाबाई म्हणाली.

बिसेन वकिलांनी डोळे मिटून घेतले. नगरपरिषदेच्या माणसानं फाइलची दोरी सोडली. साहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "लिहा, अपीलार्थी स्वतः अपील मागे…"

माझ्या हातात पेन होतं. कागदही होता. मी उभा राहिलो. बेंच क्लार्कनं भर कोर्टात तोंड उघडायचं नसतं, आणि सोळा वर्षांत मी कधी उघडलं नव्हतं.

"साहेब, बाईंचं बोलणं संपलेलं नाही."

"त्या हो म्हणाल्या की."

"हो नाही म्हणाल्या साहेब. हाव जी म्हणाल्या. त्यानंतर थोडं थांबावं लागतं."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण ते थांबले. सगळं कोर्ट थांबलं. भिंतीवरचा पंखा तेवढा कुरकुरत होता. सुगंधाबाईनं पदर सावरला, एक श्वास घेतला आणि म्हणाली,

"पन मी कायले मागं घेऊ जी? रस्त्यावर बसली होती, थे खरं हाय. पन काऊन बसली? माह्या ओट्यावर नगरपरिषदेनं नाली बांधाची रेती टाकून ठेवली होती. छातीइतकी रेती! मासोऱ्या का रेतीवर मांडू? तीन दिवस म्हणून राहिली, उचला जी, उचला जी. कोनी उचलली नाई. मंग ओट्याच्याच पुढं बसली, तं धरलं मले. थ्या दिवशी साहेबाले हेच सांगत होती. पन साहेब उठून गेले न जी जेवाले."

कोणी हसलं नाही. साहेबांनी बाईकडे पाहिलं, मग भिंतींकडे. "बाई," ते सावकाश म्हणाले, "ही कोर्टाची इमारत तुमची आहे का?"

"हाव जी," ती म्हणाली. आता साहेब स्वतःहून थांबले. "पन माही कशी होईन जी? सरकारची होय."

आता मात्र सगळे हसले, समोरचे वकीलसुद्धा. साहेबांनी निकाल तिथंच सांगितला आणि मी तो लिहून घेतला. आरोपीचे मूळ शब्द नोंदवलेले नाहीत, म्हणून ही कबुली कबुली नव्हे. शिक्षा रद्द, खटला पुन्हा चालवावा. 'हाव जी, पन' हे शब्द त्यांनी निकालपत्रात जसेच्या तसे घालायला लावले. मी ते लिहिताना पेन दाबून लिहिलं. पुढं खटला पुन्हा चालला, रेती टाकल्याचा कागद नगरपरिषदेच्याच दप्तरात निघाला आणि बाई निर्दोष सुटली. ओटा तिचा तिच्याकडे राहिला.

सुट्टीनंतर साहेबांनी मला चेंबरमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता मेमो मिळणार. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही इकडचेच ना? मग तिथं खाली हे लिहिणारा कारकून कोण होता, परका?" मी काहीतरी पुटपुटलो. सांगायची ती दुसरी संधी होती, तीही मी घालवली. साहेबांना अक्षर ओळखता येत होतं की नाही, हे मला कधी कळलं नाही.

सुगंधाबाईचं तरी निभावलं. पण त्या टेबलावर मी तीन वर्षं बसलो होतो. त्या तीन वर्षांत किती हाव जींचे मी 'कबूल आहे' केले असतील, किती जणांचा पन डब्याच्या वेळेत गाळला असेल, त्यांची काही गणती नाही. त्यांतले बहुतेक माझ्या खिडकीपर्यंत आलेच नाहीत. नोकरीतल्या गमती सांगून मी लोकांना हसवतो, पण ही गोष्ट आठवली की मला स्वतःचीच लाज वाटते.

निवृत्त झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी मी मासे घ्यायला गेलो. तोवर त्या बाजारात जायचं मी टाळत असे. सुगंधाबाई ओट्यावर बसली होती. केस पिकले होते, आवाज तोच. ओट्याच्या दगडावर विळ्यांचे ओरखडे होते, काही सासूचे असतील, काही तिचे. मी अर्धा किलो रोहू मागितला. ती कापू लागली आणि मध्येच मान वर करून माझ्याकडे पाहू लागली.

"तुमी थे कोर्टातले बाबू होय न? उभे राह्यले होते माह्यासाठी."

मी मान डोलावली. ती खुशीत हसली. पुन्हा दोन तुकडे कापले. मग हात थांबला आणि तिनं मला नीट न्याहाळलं, चष्मा, कपाळ, सगळं.

"पहिल्या बारीले खाली टेबलावर लिवत होते, थेई तुमीच न जी?"

"हाव जी," मी म्हणालो.

विळ्यावरचा मासा तिनं तसाच धरून ठेवला. आमच्याकडे हाव जीनंतर थांबतात, तशी ती थांबली. माझ्याजवळ सांगायला पुष्कळ होतं. साठ खटले होते, साहेब नवे होते, कागदावर जागा बोटभर होती, सुट्टीला पाच मिनिटं उरली होती. सगळं जिभेवर आलं होतं.

"पन?" तिनं विचारलं.

"पन काई नाई," मी म्हणालो.